दारव्ह्याचं कोरियन गाणं

ऑर्केस्ट्रा बंद पडला की वाद्यं विकता येतात. ढोलक भजनी मंडळाकडे जाते, माइक शाळेत जातो, स्टेजचा पडदा कुणाच्या तरी गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगावर झाकण म्हणून जातो. किस्से तेवढे कुणी घेत नाही! ते आपल्याच घरात पडून राहतात आणि चहाला कुणी आलं की एखादा बाहेर निघतो. आमच्या ‘सांजसूर ऑर्केस्ट्रा, दारव्हा’चे असे पुष्कळ किस्से माझ्याकडे आहेत. पूर्वी सांगताना मीही हसायचो. मधूभाऊ गेल्यापासून लोक तिथंच हसतात, मला मात्र हसू येत नाही.

आधी माणसं सांगून टाकतो, म्हणजे घोळ नको. मधूभाऊ राऊत, पाटबंधारे खात्यात कारकून, आमचे गायक. हनीफभाई, बसस्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, ते बेंजो वाजवायचे. अरुण गावंडे, कोर्टात बेलिफ, त्याच्याकडे ढोलक आणि पुढं ऑक्टोपॅड. आणि मी बापू, पंचायत समितीतला, निवेदक. ज्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही, त्याला ऑर्केस्ट्रात निवेदक म्हणतात!

प्रॅक्टिस दर रविवारी मधूभाऊंच्या बैठकीत व्हायची. त्यांच्या पत्नी नलूवहिनी चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. इतक्या वर्षांत त्या कधी गाणं ऐकायला बाहेर येऊन बसल्याचं मला आठवत नाही. आम्ही समजून चाललो होतो की वहिनींना गाण्याचा कंटाळा आहे. कंटाळा नसेल तर राग असेल. नवऱ्याचा प्रत्येक रविवार जिनं आमच्या हवाली केला, तिला राग यायला हरकत नव्हती.

*

आमच्या धंद्यात सर्टिफिकेट एकच, ‘हुबेहूब’!

मधूभाऊ त्यात अव्वल. मूळ गायकानं रेकॉर्डमध्ये श्वास जिथं घेतला असेल, तिथंच हेही घेणार. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी मूळ गायक किंचित खाकरल्यासारखा वाटतो. मधूभाऊ स्टेजवर बरोब्बर तिथं खाकरायचे! पब्लिक टाळ्या वाजवायचं. जिल्ह्यात त्यांना कुणी मधुकर राऊत म्हणून ओळखलं नाही. ज्या मोठ्या गायकाची गाणी ते म्हणायचे, त्याच्या नावाआधी ‘यवतमाळचा’ लावायचं, की झाले मधूभाऊ.

फुलसावंगीला गणपतीत आमचा कार्यक्रम होता. तीन गाणी अशी रंगली, की चौथं चालू असतानाच पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी घेऊन उभाच राहिला.

“कॅसेट लावून नुसतं तोंड हालवून राह्यले हे लोक! आमाले बह्याड समजता काय रे?”

मंडळाची पोरं उठली. मी माइकवर हात जोडले, पण निवेदकाचं कोण ऐकतो! आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेली. स्पीकर बंद, ऑक्टोपॅड बंद, सगळा अंधार. मधूभाऊ थांबले नाहीत. गाणं होतं तिथून पुढं, माइकशिवाय, मोकळ्या गळ्यानं म्हणत राहिले. सगळा मंडप चिडीचूप. गाणं संपलं तेव्हा मला वाटलं, जिंकलो आपण.

अंधारातून म्हाताऱ्याचा आवाज आला, “हां, आता खरं म्हनलं. पन मंगानचं, कॅसेटवालं, चांगलं होतं!”

मंडप हसला, आम्ही हसलो, मधूभाऊ सर्वांत जास्त हसले. परत येताना जीपमध्ये ते एकदम म्हणाले, “हनीफभाई, मी माया स्वतःच्या आवाजात म्हनलं तर कसं राहीन?”

हनीफभाई बेंजो मांडीवर घेऊन पेंगत होते. डोळे न उघडता म्हणाले, “भाऊ, तो आवाज घरी ठेवा. स्टेजवर त्याची ड्यूटी नाही.”

*

राजूरचा किस्सा वेगळा. तिकडं वणीच्या बाजूला, कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत कार्यक्रम होता. कॉलनी म्हणजे अर्धा हिंदुस्थान. मधूभाऊंनी एक गाजलेलं हिंदी गाणं सुरू केलं, तशी मागून एक तेलुगू कामगार उभा राहिला. म्हणाला, हे गाणं आधी आमच्या सिनेमात आलं, तुम्हा हिंदीवाल्यांनी ढापलं. त्यावर एक तमिळ उठला. म्हणाला, तुमच्याही आधी ते आमच्याकडं होतं. मग बिहारकडचा एक वयस्क कामगार म्हणाला, “सिनेमा कायका? हे तर आमची आजी रोपणी करताना गात होती!”

गाणं राहिलं बाजूला आणि तिघांचं जुंपलं. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. शेवटी हनीफभाईंनी बेंजो खाली ठेवला आणि माझा माइक ओढून घेतला.

“अरे भाईलोग! तुमी जमिनीखालून एवढा कोळसा काढता. कधी कोळशाले इचारता का, की बाबा, तू कोनत्या झाडाचा?”

लोक गडगडून हसले आणि कार्यक्रम पुढं सुरू झाला. हे वाक्य मी पुढं कितीतरी स्टेजवर स्वतःचं म्हणून वापरलं. हनीफभाईंनी कधी हरकत घेतली नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात ओरिजिनलचा हट्ट कुणालाच नव्हता.

निदान तेव्हा मला असंच वाटत होतं.

*

मग डीजे आले. ऑर्केस्ट्रा कधी बंद पडला ते सांगता येत नाही. एक वर्ष बोलावणी कमी आली, पुढच्या वर्षी आलीच नाहीत. सर्वांत आधी अरुणच्याच पोरानं डीजे घेतला! बाप ऑक्टोपॅड पुसून कपाटावर ठेवतो आहे आणि पोरगा दारात पुरुषभर उंचीचे स्पीकरचे डबे उतरवतो आहे. अरुण म्हणाला, “समन्स माया घरीच तामील झालं बापू.”

रविवार मात्र सुटला नाही. आम्ही मधूभाऊंकडं जायचो, बसायचो, चहा प्यायचो. वाद्य कुणी काढत नव्हतं. हळूहळू लक्षात आलं की मधूभाऊ एकच गोष्ट तीनदा सांगतात. मग अरुणला हनीफ म्हणायला लागले. मग एकदा सकाळी दूध आणायला निघाले आणि आर्णी रोडवर कुणाला तरी घर विचारताना सापडले. मुलगा नागपूरला नोकरीला. त्यानं तन्वीला, म्हणजे मधूभाऊंच्या नातीला, इथल्या कॉलेजात घातलं. कॉलेजही होईल आणि आजोबांवर लक्षही राहील, असा हिशेब.

तन्वी आली आणि तिच्यासोबत घरात कोरिया आला!

भिंतीवर पाच पोरांचा फोटो. पाचांचे केस पाच रंगांचे. अरुणनं पहिल्या दिवशी विचारलं, “हे पोरं हाय का पोरी?” तन्वी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्या पाच पोरांचं एक गाणं तेव्हा जगभर गाजत होतं. अर्धं कोरियन, अर्धं इंग्रजी. दारव्ह्यात ते लग्नाच्या वरातीत वाजत होतं, जिममध्ये वाजत होतं, आठवडी बाजारात चपलांच्या ढिगाजवळ वाजत होतं. हनीफभाईंकडं आता टीव्ही कुणी आणत नाही, पोरं ब्लूटूथचे डबे आणतात, आणि दुरुस्त झाला का ते बघायला तेच गाणं लावतात. हनीफभाई म्हणायचे, “माया दुकानात आता एकच पेशंट येते, फक्त डबा बदलते.”

एका रविवारी आम्ही पोहे खात होतो. तन्वीनं आत फोनवर ते गाणं लावलं. मधूभाऊंचा चमचा तोंडाजवळ थांबला.

“हे मायं गानं हाय,” ते म्हणाले.

“तुमालेबी आवडलं का?” हनीफभाई हसून म्हणाले.

“आवडलं नाही. मायं हाय. मी केलतं. याच बैठकीत केलतं, नलूसाठी.”

अरुण तीस-बत्तीस वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात वावरलेला. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, “पुरावा काय?”

तन्वी फोन घेऊन बाहेर आली. म्हणाली, “आजोबा, याच्यावर आधीच भांडण चालू आहे. काही लोक म्हणतात हे गाणं ओरिजिनल नाही, एका जुन्या अमेरिकन गाण्याची कॉपी आहे. आम्ही फॅन लोक म्हणतो ओरिजिनलच आहे. रोज वाद चालतो इंटरनेटवर.”

“म्हंजे आरोपी आधीच कटघऱ्यात हाय!” हनीफभाई म्हणाले. “हे दुसरी फिर्याद.”

आम्ही तिघं पोट धरून हसलो. मधूभाऊ हसले नाहीत. त्यांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि तन्वीला म्हणाले, “लाव बेटा पुन्हा.”

*

पुढच्या रविवारी अरुणनं रीतसर सुनावणी घेतली. रिकाम्या म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग काय! टीपॉयच्या एका बाजूला फिर्यादी मधूभाऊ, दुसऱ्या बाजूला कोरियाची वकील तन्वी. मी कोर्ट. हनीफभाई तज्ज्ञ साक्षीदार.

तन्वी म्हणाली, “सर, त्यांचे म्युझिक प्रोड्यूसर मोठे आहेत, त्यांना दारव्हा माहीत पण नाही. ते कशाला कॉपी करतील?”

अरुण म्हणाला, “मुद्दा बरोबर हाय. मधूभाऊ, तुमी हे कोनासमोर म्हनलं? स्टेजवर?”

“नाही.”

“रेकॉर्डिंग?”

“नाही.”

“मंग त्या पोट्ट्याईनं आयकलं कुठून?”

मधूभाऊ विचारात पडले. म्हणाले, “थेच तर मले समजून नाही राह्यलं.”

हनीफभाईंची साक्ष झाली. ते म्हणाले, “हे बघा, सूर सातच. दुनियेत मानसं किती? कुठं ना कुठं टक्कर होईनच. मुखड्यावरून चोर पकडता येत नाही, मुखडा रस्त्यावर कोनालेबी सापडते. अंतरा मात्र ज्याचा त्याचा राहते. मधूभाऊ, अंतरा म्हना. तुमचा अंतरा निघाला तर गानं तुमचं, आपन केस जिंकलो!”

कोरियन गाण्यात मुखड्यानंतर अंतरा नाहीच. तिथं ती पोरं धडाधड बोलतात, तन्वीच्या भाषेत रॅप. त्यामुळं हनीफभाईंची परीक्षा अगदी चोख होती.

मधूभाऊंनी डोळे मिटले. मुखडा गुणगुणला, अगदी स्वच्छ. टोकाला आले आणि थांबले. पुन्हा मुखडा, पुन्हा तिथंच थांबले. “होता,” ते म्हणाले. “अंतरा होता. वरतून उतरत येत होता. नलूले इचारा, तिले मालूम हाय.”

वहिनी उंबऱ्यावर चहाचा ट्रे ठेवत होत्या. अरुणनं सवयीनं पुकारा केला, “साक्षीदार नलूबाई मधुकर राऊत, हाजीर हो!”

वहिनींनी आमच्याकडं पाहिलं. मधूभाऊंकडं पाहिलं नाही.

“मले गान्यातलं काही समजत नाही,” त्या म्हणाल्या. “चहा घ्या, थंडा होते.”

कोर्टानं निकाल राखून ठेवला!

*

यवतमाळच्या डॉक्टरांनी मात्र निकाल लगेच दिला. मी आणि तन्वी मधूभाऊंना घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला. मधूभाऊंनी ऑफिसातल्या सवयीनं सांगितलं, “चौकशी करून कळवतो.” डॉक्टर हसले, पण पुढं त्यांनी जे समजावलं ते हसण्यासारखं नव्हतं. या आजारात डोकं आज ऐकलेली गोष्ट उचलून जुन्या आठवणीत नेऊन ठेवतं. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच वाटतं. गाणं घरात दिवसभर वाजतं आहे ना? मग तसंच. वाद घालू नका, हो म्हणा.

तन्वी गाडीत रडली. म्हणाली, “बापूआजोबा, मी ते गाणं लावलंच नसतं तर बरं झालं असतं.”

मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला. आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या गळ्यानं गावं, दुसऱ्याच्या जागी श्वास घ्यावा, दुसऱ्याचं खाकरणंसुद्धा पाठ करावं, आणि म्हातारपणी एकच चीज ‘माझी’ म्हणून छातीशी धरावी, तर तीही पाच रंगांच्या केसांच्या पोरांची निघावी! देवाची थट्टा करायची ही कोणती पद्धत?

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, हो म्हणायचं. रविवारी मधूभाऊ म्हणायचे, “हे मायं गानं हाय.” आम्ही म्हणायचो, “हो भाऊ, तुमचंच.” दोन-तीन रविवार चाललं. मग एकदा त्यांनी आमच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, “काहून एवढ्या लवकर कबूल करून राह्यले बे? आधी तर भांडत होते.”

अरुणनं कपात तोंड घातलं. भांडण होतं तोवर निदान केस चालू होती.

*

तन्वीनं हार मानली नव्हती. तिनं गुपचूप त्या गाण्याच्या व्हिडिओखाली इंग्रजीत लिहिलं, की ही चाल माझ्या आजोबांनी फार वर्षांपूर्वी दारव्हा नावाच्या गावात केली होती. मी तुमची फॅन आहे, मला भांडायचं नाही, फक्त सांगायचं होतं.

उत्तरं धो धो आली. कुणी शिव्या दिल्या. कुणी हसण्याची चित्रं टाकली. कुणी म्हणालं, माझ्याही मांजरीनं हीच चाल केली होती. आमच्या तिघांना तिनं ती वाचून दाखवली आणि फोन उलटा ठेवला. एकाच माणसानं सरळ उत्तर दिलं होतं. कुठल्या देशातला होता देव जाणे. त्यानं विचारलं होतं, ‘तुमचे आजोबा कसे आहेत?’

तिनं उत्तरात काय लिहिलं ते आम्ही विचारलं नाही.

*

आता स्नेहसंमेलनाचा किस्सा. हा मी सर्वांत जास्त वेळा सांगितला आहे आणि प्रत्येक वेळी लोक खो खो हसले आहेत.

ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. खुर्च्या लावायला, पाणी द्यायला कॉलेजची पोरं-पोरी. मधूभाऊंचा सत्कार होता. तोवर त्यांची गाणी एकेक करून चालली होती. आधी शब्द गेले, मग चाली गेल्या. ज्या गाण्यांवर जिल्हा जिंकला, ती पुसून गेली. त्या खाकरण्याच्या गाण्याचं तर एवढंच उरलं होतं, की मधूभाऊ गप्प बसलेले असायचे आणि मध्येच खाकरायचे. मला आणि हनीफभाईंना तेवढं कळायचं.

मी अध्यक्षांना म्हटलं, शाल द्या, पण गायला लावू नका. पण अध्यक्षांना माइक मिळाला होता! “यवतमाळच्या अमुकतमुकांनी एक गीत सादर करावं!”

मधूभाऊ माइकसमोर उभे राहिले. हनीफभाई खुर्चीच्या कडेवर सरकले. मधूभाऊंनी डोळे मिटले आणि सुरू केलं. शब्द नाहीत, नुसती चाल. तीच!

मागच्या पोरांना क्षणभर कळलंच नाही. मग एक ओरडला, “अबे, आजोबा कोरियन म्हनून राह्यले!”

पुढं काय विचारता! शिट्ट्या, टाळ्या, मोबाइल वर. पोरी नाचायला लागल्या. मुखडा संपला, तिथून पुढचं रॅप पोरांनीच म्हटलं. मधूभाऊ पुन्हा मुखड्यावर आले, पुन्हा जल्लोष. संध्याकाळपर्यंत गावभर व्हिडिओ फिरला. किराणा दुकानदारानं मला हाक मारून विचारलं, “बापू, कोरियन आजोबा तुमच्याच पार्टीतले ना?”

इथं लोक हसतात. याच्या पुढचं मी सहसा सांगत नाही.

रिक्षात मधूभाऊ शाल मांडीवर घेऊन बसले होते. कधी नव्हे इतके ते खुलले होते. माझा हात धरून म्हणाले, “बापू, आज पयल्यांदा लोकायनं माया गान्यावर टाळ्या वाजोल्या.”

मी हो म्हटलं. त्या वेळी डॉक्टरांचं ऐकून म्हटलं नाही.

*

मधूभाऊ हिवाळ्यात गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात तसं आम्हीही म्हटलं.

अंगणात त्यांना ठेवलं होतं. नागपूरहून मुलगा निघाला होता, त्याची वाट बघत होतो. नेमकी लग्नतिथी दाट. गल्लीच्या तोंडाशी वरात आली, पुढं डीजेची गाडी, आणि वाजत काय होतं ते सांगायला नको. खिडकीची तावदानं थरथरायला लागली. तन्वी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

अरुण धावत गेला. डीजे त्याच्याच पोराचा होता! बापाचं तोंड बघून पोरानं बटण दाबलं. सगळं एकदम शांत झालं. वरातीतले लोक अंगण बघून वरमले, कुणी डोक्यावरचा फेटा काढला, नवरदेवानं घोड्यावरूनच हात जोडले. वरात पाय न वाजवता पुढं निघाली.

तेव्हा वहिनी दारात आल्या.

“बंद काहून केलं?” त्या म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. बाई दुःखानं भांबावली आहे, असं बायका आपसांत म्हणाल्या आणि त्यांना आत घेऊन गेल्या.

*

तेरवी झाली, पाहुणे गेले. पुढच्या रविवारी मी घरात बसलो होतो आणि माझे पाय आपोआप राऊतांच्या घराकडं निघाले. फाटकाशी पोचतो तर अरुण उभा, आणि पलीकडून हनीफभाई येताहेत. कुणी कुणाला फोन केला नव्हता. परत फिरणं बरं दिसलं नसतं, म्हणून आत गेलो.

वहिनी बैठकीत बसल्या होत्या. उंबऱ्याच्या बाहेर, गालिच्यावर, मधूभाऊंच्या जागेच्या बाजूला. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ. खडे निवडत होत्या. “बसा जी,” एवढंच म्हणाल्या. आम्ही आपापल्या जागी बसलो. मधूभाऊंची खुर्ची तशीच राहू दिली.

आत तन्वी अभ्यासाला बसली होती. तिनं सवयीनं गाणं लावलं असावं. मुखडा वाजला, आणि आम्ही आलो आहोत हे तिच्या लक्षात आलं असेल. रॅप सुरू व्हायच्या आधीच तिनं ते बंद केलं.

पण गाणं थांबलं नाही.

वहिनी सुपाकडं बघत गुणगुणत होत्या. जिथं फोन बंद झाला तिथून पुढं. आवाज बारीक, थोडा फाटका, पण सूर पक्का. चाल वर गेली, वर जाऊन थोडी थांबली, आणि मग पायरी पायरीनं उतरत खाली यायला लागली. बोटं खडे वेचत होती. हनीफभाईंची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, बेंजोच्या बटणांवर हलतात तशी. अरुण पुढं झुकला होता.

तन्वी दारात येऊन उभी राहिली. “आजी,” ती म्हणाली, “हे त्यांच्या गाण्यात नाहीये.”

वहिनींनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. चाल खाली खाली आली, आता मुखड्याला जाऊन मिळणार, एकच जागा राहिली होती, आणि त्या तिथं थांबल्या. तांदूळ पाखडले. एक खडा काढून बाजूला टाकला.

हनीफभाईंची बोटं अधांतरी राहिली. त्यांना राहवलं नाही.

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “फुडं?”

“फुडं नाही जी,” वहिनी म्हणाल्या. “तेवढ्यात तुमी लोक आले प्रॅक्टिसले.”